तुम्ही इथलेच ना?

गूगलच्या शोधनिकालांचं पान अगदी तळापर्यंत सरकवलं की एक बारीक राखाडी पट्टी लागते. तिथे देशाचं नाव असतं, कधी गावाचंही, आणि शेजारी एक छोटा खुलासा: हे आम्ही तुमच्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखलं, किंवा तुमच्या डिव्हाइसवरून, किंवा तुमच्या आधीच्या शोधांवरून. इतक्या खाली सहसा कुणी उतरत नाही, पहिल्या चार-पाच दुव्यांतच आपलं काम आटोपतं. पण निकाल भलत्याच देशाचे यायला लागले, पानावरची बटणं अनोळखी भाषेत दिसायला लागली, की तपासाची सुरुवात करावी ती इथून. यंत्राने आपल्याबद्दल काय ठरवून टाकलंय आणि कशाच्या जोरावर, हे ते जिथे कबूल करतं अशा जागा फार थोड्या आहेत.

‘ठरवून टाकलंय’ हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण विचारलेलं काहीच नसतं. नवा ब्राउझर उघडा, काहीही शोधा, पहिल्याच क्षणी समोर येणारं पान हे अंदाजांवर उभं असतं. बऱ्याचदा अंदाज बरोबर निघतो, म्हणून तो होता हेही आपल्याला कळत नाही. चुकतो तेव्हा मात्र आपण ‘इंटरनेट बिघडलंय’ म्हणून मोकळे होतो, किंवा फोन बंद करून चालू करतो. (त्याने कधीकधी खरंच फरक पडतो. मोबाइल नेटवर्कवर नव्याने जोडणी झाली की आयपी पत्ता बदलू शकतो. उपाय योगायोगाने लागू पडला तरी तो उपायच.)

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एक साधी गल्लत आहे. ‘तुम्ही कुठे आहात?’ हा एक प्रश्न आणि ‘तुम्हाला कोणत्या भाषेत वाचायचंय?’ हा दुसरा. त्यात तिसराही लपलेला असतो: ‘तुम्हाला कुठली माहिती हवी आहे?’ तिन्हींची उत्तरं तीन वेगळी असू शकतात. यंत्र पहिल्याचं उत्तर आपणच काढतं आणि तेच उरलेल्या दोन्हींना चिकटवतं. तुम्ही अमुक देशात आहात, म्हणजे अमुक भाषा, म्हणजे अमुक बातम्या. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा आहेत, तिथे हा हिशोब पहिल्याच पायरीवर कोसळतो. उलट बाजूने स्पॅनिश घ्या, ती वीसेक देशांची राजभाषा आहे. भाषा निवडायच्या यादीत भाषेच्या नावापुढे झेंडा लावणारे लोक नेमकं काय समजून तो लावतात, हे मला कधीच उमगलेलं नाही.

गंमत म्हणजे ज्यांनी यामागची मानकं लिहिली त्यांच्या डोक्यात हा गोंधळ अजिबात नव्हता. भाषेसाठी एक सांकेतिक खूण, देशासाठी दुसरी, मध्ये जोडरेघ. मराठीची खूण ‘एमआर’, भारताची ‘आयएन’. भाषेची लहान अक्षरांत आणि देशाची मोठ्या अक्षरांत लिहायची रीत आहे. जपानी भाषेची खूण ‘जेए’ तर जपान देशाची ‘जेपी’. स्वीडिश भाषा ‘एसव्ही’ तर स्वीडन ‘एसई’. जॉर्जियन भाषा ‘केए’ आणि जॉर्जिया ‘जीई’. दोन्ही याद्या वेगळ्या आणि नियम वेगळे. सध्या लागू असलेला भाषाखुणांचा दस्तऐवज २००९ सालचा आहे, आणि त्यात भाषा, लिपी आणि प्रदेश यांना स्वतंत्र जागा आखून दिल्या आहेत. म्हणजे कागदावर सगळं नीट वेगवेगळं आहे. एकत्र होतं ते सॉफ्टवेअर लिहिताना, कुणीतरी घाईत ‘देशावरून भाषा ठरवा’ अशी एक ओळ टाकतं तेव्हा.

आपल्याकडून या बाबतीत एक निरोप रोज जातो, आणि तो पाठवत असल्याचं बहुतेकांना माहीतही नसतं. ब्राउझर कुठलंही पान मागवतो तेव्हा मागणीसोबत ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची एक ओळ जोडतो. तिच्यात आपल्या पसंतीच्या भाषा क्रमाने लिहिलेल्या असतात आणि प्रत्येकीला गुण दिलेले असतात. पहिलीला गुण लिहायची गरज नसते, ते पूर्ण एक धरतात, मग ०.९, मग ०.८. उदाहरणार्थ, ‘भारतातली मराठी, ती नसेल तर कुठलीही मराठी ०.९, तीही नसेल तर इंग्रजी ०.८’. किती समंजस व्यवस्था आहे ही! पहिली नाही तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी. अडचण एवढीच की ही यादी बहुतेकांनी हातानं कधी लिहिलेलीच नसते. फोन किंवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना जी भाषा निवडली (किंवा दुकानदाराने निवडून दिली), तीच मुकाट्याने तिथे जाऊन बसते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ या नावाखाली ही यादी सापडते, आणि तिथे भाषा वर-खाली सरकवता येतात. इथे एक खाच आहे. क्रोमसारख्या ब्राउझरचे स्वतःचे मेनू कोणत्या भाषेत दिसावेत ही एक गोष्ट, आणि तो संकेतस्थळांना कोणती पसंती कळवतो ही दुसरी. मेनू मराठी झाले म्हणून निरोपही मराठी गेला, असं धरून चालू नये. यादी उघडून डोळ्यांनी बघावी.

तरीही निकाल परदेशीच येत असतील तर मग संशय आयपी पत्त्यावर.

आयपी पत्त्यात गावाचं नाव कोरलेलं नसतं. जगभरात पाच प्रादेशिक संस्था हे पत्ते गठ्ठ्यांनी वाटतात. गठ्ठा कुणाला दिला एवढी त्यांच्याकडे नोंद असते, आणि ज्याला दिला तो त्यातला एखादा पत्ता कुठल्या शहरात वापरतो हे त्याचं तो जाणे. मग काही कंपन्या इकडून तिकडून पुरावे गोळा करून ‘हा पत्ता बहुधा इथे’ अशा याद्या बनवतात. संकेतस्थळं या याद्यांवर विसंबतात. देशापर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी खरा निघतो. शहरापर्यंत आलं की डळमळतो. मोबाइल इंटरनेटवर तर तुमची रहदारी कंपनीच्या ज्या केंद्रातून बाहेर पडते ते केंद्र भलत्याच शहरात असू शकतं, आणि जगाला तुम्ही तिथेच दिसता. शिवाय जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच, ते केव्हाच अपुरे पडले. त्यामुळे गठ्ठे विकले जातात, एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात, आणि याद्यांमध्ये मात्र काही काळ जुना मालक, जुना देश तसाच राहतो. घरी नवीन ब्रॉडबँड जोडणी घेतली आणि एका रात्रीत सगळी दुनिया आपल्याला परकं समजू लागली, असं झालं तर बहुधा कारण हेच.

या याद्या माणसाच्या आयुष्यात किती खोल घुसू शकतात याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१६ साली त्याची बातमी गाजली. मॅक्समाइंड नावाची कंपनी अशा याद्या पुरवते. एखादा पत्ता ‘अमेरिकेत आहे’ एवढंच कळलं आणि पुढचं काहीच कळलं नाही, तर नकाशावर खूण कुठे करायची? कंपनीने देशाच्या मधोमध करायचं ठरवलं. खरा मध्यबिंदू अपूर्णांकांत येतो, म्हणून सोयीसाठी ३८ अक्षांश आणि ९७ रेखांश असे सरळ आकडे घेतले. ते आकडे पडले कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर. ‘माहीत नाही’ असं ज्यांच्याबद्दल लिहायला हवं होतं असे ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराला चिकटले. मग ज्याचे पैसे ऑनलाइन बुडाले तो त्या घराचा माग काढणार, हरवलेल्या माणसाचा शोध घेणारे तिथे येणार, पोलिस येणार, करखात्याची माणसं येणार. वर्षानुवर्षं हे चाललं. तिथे राहणाऱ्यांना आपला गुन्हा काय हेच कळेना. बातमी झाल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

मला यातली चूक अंदाज बांधण्यात दिसत नाही. रकाना रिकामा सोडण्याची सोय नव्हती, किंवा असूनही कुणाला रिकामा सोडवला नाही, ही खरी गोष्ट. शोधयंत्राच्या प्रदेशाच्या रकान्याचंही तेच होतं. ‘नक्की सांगता येत नाही’ असा पर्याय त्या पानावर तुम्ही कधी पाहिलाय?

पत्ता चुकीच्या देशात दाखवत असेल तर तो दुरुस्त करण्याचं काम आपलं नाही, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं आहे. त्यासाठी २०२० साली एक साधी रीत ठरून गेली आहे. कंपनीने ‘जिओफीड’ नावाची एक फाइल प्रसिद्ध करायची, प्रत्येक ओळीत पत्त्यांचा एक गठ्ठा, स्वल्पविराम, देशाची खूण, स्वल्पविराम, राज्य, स्वल्पविराम, शहर. संपलं. ज्यांना हवं त्यांनी ती फाइल वाचून आपापल्या याद्या सुधाराव्यात. तक्रार करताना ग्राहक सेवेच्या माणसाला ‘तुमचा जिओफीड अपडेट करा’ एवढं वाक्य सांगितलं तर निदान तक्रार योग्य टेबलावर जाण्याची शक्यता वाढते. ‘गूगल दुसऱ्याच देशाचं दाखवतंय’ म्हटलं की समोरून ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच येतं. याद्या बनवणाऱ्या काही कंपन्या दुरुस्तीचा अर्ज थेट आपल्याकडूनही घेतात, तोही भरून टाकावा. मध्यंतरी इन्कॉग्निटो खिडकी उघडून काही फरक पडेल या आशेवर राहू नये. ती खिडकी जुन्या कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) आणि लॉग-इन बाजूला ठेवते. आयपी पत्ता तोच राहतो. मात्र तपासाला ती उपयोगी आहे. तिथे पान ठीक आलं तर दोष अकाउंटचा किंवा कुकीचा, तिथेही बिघडलेलंच आलं तर दोष त्याखालच्या थरांचा. एवढं कळलं तरी पुष्कळ धावपळ वाचते.

थर हाच शब्द मला इथे बरोबर वाटतो, आणि ते किती असतात हे आत्याच्या निमित्ताने नीट पाहायला मिळालं. आत्या लेकीकडे परदेशात गेली होती, आणि नातवाचा टॅब तिच्या हाती आला होता. नातू शाळेत तिथल्या भाषेत शिकतो, टॅबही त्याच भाषेत. आत्याने मराठीत टाइप करून बातम्या शोधल्या, तर भोवतालची सगळी बटणं तिला न वाचता येणाऱ्या लिपीत आणि बातम्या तिथल्या. तिने व्हिडिओ कॉल लावला आणि टॅब फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

“आत्या, दातेरी चाकाचं चिन्ह दिसतंय का कुठे?”

“चाक दिसतंय रे, पण बाकी सगळ्या मुंग्या चालल्यात नुसत्या. काय दाबू?”

भाषा बदलण्याचा मार्ग त्याच भाषेतून जातो, ही या दुरुस्तीतली सगळ्यात जाचक अडचण. ज्याला वाचता येतं त्याला बदलायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला वाचता येत नाही. सुटका दोन गोष्टींनी होते. एक म्हणजे चिन्हं. सेटिंग्जला दातेरी चाक आणि भाषेला बहुतेक ठिकाणी पृथ्वीगोल, किंवा दोन लिपींतली दोन अक्षरं शेजारी शेजारी. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: भाषांच्या नीट बनवलेल्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असतं. जगातल्या कुठल्याही भाषेतला फोन असो, यादी खाली ओढत गेलं की एका ठिकाणी ‘मराठी’ असंच लिहिलेलं सापडतं. ज्याने कुणी ही पद्धत पहिल्यांदा सुचवली, त्याला मी मनोमन हात जोडतो. आत्याने पृथ्वीगोल ओळखला, यादी ओढत नेली, आणि “सापडलं! मराठी आहे!” असं इतक्या जोरात म्हणाली की लेक स्वयंपाकघरातून बघायला आली.

टॅबचे मेनू मराठी झाले. शोधाचं पान मात्र तसंच. कारण ब्राउझरमध्ये लेकीचं अकाउंट उघडं होतं आणि त्या अकाउंटची भाषा तिने तिथली ठेवलेली. तिच्या सेटिंग्जना हात लावणं बरं नव्हे, म्हणून आत्याचं स्वतःचं अकाउंट उघडलं, आणि बटणं मराठी झाली. उरला प्रदेश. पानाच्या तळाशी तिथल्याच शहराचं नाव होतं, आणि त्यात खोटं काय होतं? आत्या खरोखरच तिथे होती. यंत्राचं उत्तर अचूक होतं, फक्त ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं. तिला तिकडे बसून इकडच्या बातम्या हव्या होत्या. शोधाच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा आणि प्रदेश’ याखाली निकालांचा प्रदेश वेगळा निवडता येतो. तिथे भारत निवडला, आणि बातम्या घरच्या झाल्या. हवामान विचारलं तर तापमान मात्र लेकीच्या शहराचंच आलं. निकालांचा प्रदेश बदलला म्हणून आपण प्रत्यक्ष कुठे आहोत हा अंदाज बदलत नाही. आत्याला ते पथ्यावरच पडलं. संध्याकाळी फिरायला जाताना स्वेटर घ्यायचा की नाही, हे तिला तिथलंच कळायला हवं होतं.

प्रत्यक्ष ठिकाणाचा अंदाज आयपीखेरीज आणखी एका वाटेने येतो, तो म्हणजे आसपासची वाय-फाय उपकरणं. प्रत्येक राउटरला स्वतःची ओळखसंख्या असते आणि ती कुठे दिसली याच्या प्रचंड नोंदी मोठ्या कंपन्यांकडे असतात. घर बदललं आणि राउटर सोबत नेला, तर लॅपटॉप काही दिवस आपण जुन्याच घरात असल्याचं सांगू शकतो. इथे करण्यासारखं काही नाही, नोंदी आपोआप सुधारतात. पुढे जाऊ.

इंटरनेटवर या विषयावर फिरणारे सल्ले पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच शिळे. ‘पत्त्याच्या पट्टीत दुसऱ्या देशाचं गूगल टाइप करा’ हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. एकेकाळी ते चालायचं. देशागणिक वेगळा डोमेन होता आणि तो बदलला की निकाल बदलायचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलने ते बंद केलं. डोमेन कुठलाही टाका, निकाल तुम्ही जिथे आहात तिथलेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर देशोदेशीचे डोमेन एकाच ‘डॉट कॉम’कडे वळवायचं जाहीर केलं. पत्त्याच्या शेवटी काही अक्षरं जोडण्याची युक्ती मात्र अजून समजून घेण्यासारखी आहे. ‘एचएल’ ही खूण पानाच्या मेनूंची भाषा ठरवते, ‘जीएल’ कुठल्या देशाच्या नजरेतून निकाल लावायचे ते ठरवते, ‘एलआर’ निकालांमधली पानं ठराविक भाषेपुरती मर्यादित करायला वापरतात. म्हणजे यंत्राच्या पोटात हे तिन्ही प्रश्न वेगळेच आहेत! वेगळे दिसत नाहीत ते फक्त आपल्याला.

आणि म्हणूनच मेनू मराठी केल्यावरही मराठी निकाल येतीलच असं नाही. मराठीतून शोधणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय. आपण मराठीत विचारतो आणि उत्तरादाखल हिंदी पानांची रांग लागते. दोन्हींची लिपी एक, नेपाळीचीही तीच, आणि दोन-तीन शब्दांच्या शोधात भाषा ओळखायला पुरेसा ऐवज नसतो. त्यातले शब्द संस्कृतातून आलेले असले तर दोन्हीकडे सारखेच. अशा वेळी सेटिंग्जपेक्षा शोधाचं वाक्य लांबवणं जास्त कामाला येतं. विभक्ती लागलेला शब्द टाका, ‘आहे’, ‘कसे’, ‘साठी’ असलं काहीतरी येऊ द्या, एखादा ‘ळ’ आला तर उत्तमच. सुटे शब्द फेकण्याची सवय आपण इंग्रजी शोधातून उचलली, मराठीत मात्र पुरं वाक्य लिहिलं की यंत्राला आपली भाषा लवकर कळते.

थोडा दोष पानं बनवणाऱ्यांकडेही जातो. एकाच मजकुराच्या अनेक भाषांतल्या आवृत्ती एकमेकींना जोडून दाखवण्याची खूण, ‘एचरेफलँग’, गूगलने डिसेंबर २०११ मध्ये आणली. ‘यातलं काहीच जुळत नसेल तर हे पान दाखवा’ असं सांगायची सोय २०१३ मध्ये आली. सोय आहे, वापरत नाहीत. त्याऐवजी आयपी बघून वाचकाला परस्पर दुसऱ्या भाषेच्या पानावर ढकलतात, आणि परतीचा दुवाही ठेवत नाहीत. यात त्यांचंच नुकसान होतं ते वेगळं. पानं गोळा करणारा गूगलचा बॉट बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो आणि भाषेच्या पसंतीची ती ओळ पाठवतच नाही. त्यालाही अमेरिकी पानावर ढकललं तर बाकीच्या भाषांची पानं त्याच्या नजरेला पडणार कशी?

मी स्वतः अचूक ठिकाण सांगायची परवानगी शोधयंत्राला देत नाही, प्रदेश हाताने निवडतो. जवळचं औषधाचं दुकान शोधताना त्याचा तोटा होतो. तेवढ्यापुरती परवानगी द्यायची आणि काढून घ्यायची. डकडकगो या दुसऱ्या शोधयंत्राच्या निकालांच्या वर प्रदेशाची एक खिटी असते, चालू केली की निवडलेल्या देशाचे निकाल, बंद केली की सगळ्या जगाचे. सेटिंग्जच्या चार पायऱ्या उतरायला नकोत, तळाशी जायला नको. एकाच शोधाचे दोन्ही निकाल मी पुष्कळदा पाहतो, विशेषतः आजाराबद्दल किंवा कायद्याबद्दल काही शोधताना, कारण दुसऱ्या देशाचा कायदा आपला समजून वाचला तर पंचाईत होते, आणि औषधांची नावंही देशागणिक बदलतात. आत्याला मात्र ही खिटी दाखवलेली नाही. ती म्हणाली, “आता जे चाललंय ते चालू दे, पुन्हा मुंग्या नकोत.”